गुलबदनची लाल झूल

हात लावू नका झुलीले.

नाही, तुमचा हात वंगाळ हाय असं नाही म्हनत मी, तुमी पाहुने, जानेफळहून इतक्या लांबून आले, बसा त्या बाजेवर, महादेवराव नाव सांगितलं ना तुमी, बसा महादेवराव, तुमचे भाऊही बसा, आत माह्या बायकोनं, नसीमानं, चहा ठेवला हाय... पन झुलीले हात लावू नका अन् झुलीचं विचारूही नका. काय म्हनाले? "एवढं ऊन तापलं तरी घोडीच्या अंगावर झूल काऊन?" विचारलंच ना शेवटी. मले मालूमच होतं. या सोनाळ्यात कोनी पाय ठेवला का तो पहिले माह्या घोडीकडे पाह्यते, मंग झुलीकडे पाह्यते, मंग आभाळाकडे पाह्यते, अन् शेवटी माह्याकडे असा पाह्यते जसं हे ऊन, हे वारं, हे आभाळ म्याच घरामागं बांधून ठेवलं हाय अन् मनात आलं का सोडतो. अन् घोडीले कोनी विचारलं? कोनीच नाही.

थांबा, तारीख मंग सांगा. लग्नाची तारीख कुठी पळून नाही जाऊन राह्यली. काल तुमचा फोन आला, "आमच्या घरी लग्न हाय, तुमच्या घोडीचं काम होतं, उद्या येतो," खरं सांगतो, मले लय बरं वाटलं. म्या नसीमाले म्हनलं, पाह्य, जानेफळ कुठी अन् सोनाळा कुठी, मधात आख्खा जिल्हा पडला, तरी मान्सं आपल्या गुलबदनसाठी येऊन राह्यले, म्हनजे घोडीचं नाव झालं. ती म्हनते, "त्यायच्या तिकडे घोड्या मेल्या का साऱ्या?" घरात आमी मुसलमानी बोलतो, तुमाले समजाव म्हनून मराठीत सांगून राह्यलो, तिच्या बोलीत ते याच्याहून जास्त झोंबते. म्या म्हनलं तू चहाचं पाह्य. बाईले धंद्याचं काय समजते?

पन घोडी न्याची तर घोडीचं सारं मालूम असलं पाहिजे ना तुमाले? मंग आयका. अन् मधात बोलू नका.

हा महिना पाह्यला तुमी? हा काही महिना हाय? सकाळी सातपुड्यावरून असं गार वारं येते का मान्साचे कान गळून पडाव, दुपारी असं ऊन का डोक्यावर भाकर भाजून घ्यावी, ऊन कललं का आभाळ, आभाळ आलं का उकाडा, उकाडा झाला का पुन्हा वारं, अन् वारं सुटलं का पुन्हा थंडी... आता मान्साचं बरं असते, थंडी वाजली स्वेटर घातलं, गरम झालं काढून फेकलं, फेकताना बायकोवर चिल्लावलं, मोकळा झाला. घोडी काय करन? तिले स्वेटर काढता येत नाही अन् चिल्लावताही येत नाही. तिच्या जागी मले ठरवा लागते. अन् मी कोन? मी पिंजारी! आमच्या सात पिढ्यायनं गाद्या भरल्या, रजया भरल्या, या संग्रामपूर तालुक्यातलं कोनतंही जुनं लग्न घ्या, त्या नवरा-नवरीच्या गादीत माह्या बापानं पिंजलेला कापूस हाय. मंग त्या फोमच्या गाद्या आल्या. फुगलेल्या पावासारख्या. लोकं म्हनाले, रहेमतुल्लाभाई, आता कापसाची गादी कोन उचलते, कोन वाळवते? कापूस पिंजाची धनुकली टांगली खुंटीले अन् घोडी आनली, नवरदेव मारुतीच्या दर्शनाले न्याले. कापूस हातात घेतला का त्याची जात सांगतो मी. घोडीचं मले काय समजते? काहीच नाही. कबूल हाय.

म्हनून म्या आपला सरळ हिशोब ठेवला होता, मले थंडी वाजली का घोडीले झूल, मले गरम झालं का झूल खाली. मान्साले जे होते तेच जनावराले होत असन, नाही का? नसीमा म्हनते, "अजी, थंडी तुमाले वाजते तर तुमी पांघरा ना, तिले काऊन घालता? ती तुमच्याहून तगडी हाय." आता याच्यावर काय बोलाव? पन घोडी खुश होती. झूल घातली का कान हलवे, झूल काढली का अंग झटके, आमचं दोघायचं बरं चाललं होतं. कोनाचं काय जात होतं, सांगा ना तुमी?

आता ही झूल कशी झाली ते आयका, कारन साऱ्या भानगडीचं मूळ तिथी हाय.

ते समोर टिनाचं घर दिसते का? तो कडूबा. माहा शेजारी. आता आत हाय, पन खिडकीतून कान इकडे हाय त्याचा, जोरानं बोललो तरी चालते. ज्या साली कापसावर गुलाबी अळी पडली ना, त्या साली या कडूबानं सारं वावर बीटीनं भरलं होतं. बियान्याचं दुकान चौकात हाय, लक्ष्मीकांतचं, त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "भाऊ, बीटी हाय हे, याच्या बोंडात अळी बसली का मेलीच समजा." बसली. मेली नाही. बसली, पोसली, तिची लेकरं-बाळं झाली, अन् मेला तो कापूस. बोंड फोडलं का आत अळी अशी आरामात दिसे जसा सासऱ्याच्या घरी जावई. जो कापूस निघाला तो सारा कवडी, पिवळा, चिकटलेला, व्यापारी हातात घेऊन पाह्येना. तवा एका सकाळी कडूबा त्या कवडीचं गाठोडं घेऊन माह्या दारात, "रहेमतुल्लाभाई, याची एक रजई भरून द्या, निदान पांघरून तरी झोपतो." म्या खुंटीवरची धनुकली काढली. इतक्या वर्षानं तिची तात वाजली, नसीमा दारात येऊन उभी राह्यली आयकत. धूळ नाकात, कापसाची किटी डोळ्यात, पन म्या तो कापूस असा पिंजला का कडूबाचं वावर लाजलं पाहिजे. अन् रजई घेऊन गेलो त्याच्या घरी, तर हा मानूस तिच्याकडे पाह्येना. म्हनते, "नाही पाह्यवत मले हा कापूस. तुमच्यापाशीच राहू द्या." मले खरंच वाईट वाटलं त्या दिवशी. कडूबासाठी. हो, वाटलं होतं, त्याले सांगू नका.

मंग म्या ती रजई उसवून घोडीच्या मापाची झूल शिवली. वरतून मांडवाचं जुनं कापड लावलं, लालभडक, पिवळी फुलं. तीच चूक झाली. निळं लावलं असतं, मातकट लावलं असतं, हा सारा तमाशा झालाच नसता. पन लाल लावलं, अन् ही घोडी अशी कोपऱ्यावर बांधलेली, साऱ्या गावाचा वावरात जायचा रस्ता याच कोपऱ्यावरून, अन् तिकडे नाल्यावरच्या पुलावर उभं राह्यलं तरी लाल ठिपका दिसते. घोडी नाही दिसत. झूल दिसते.

आता गारा पडल्या त्या दिवसाचं सांगतो. दिवस असा निघाला होता का आभाळात बोटभर ढग नाही. सारं गाव हरभरा सोंगून सुड्या रचून बसलं होतं. अन् मले आला ताप. अंग कसकस करते, दातावर दात वाजून राह्यले, म्या म्हनलं थंडी लय पडली आज, उठलो, धडपडत गेलो, घोडीले झूल घातली अन् येऊन पडलो. भर उन्हात! लोकं रस्त्यानं जात अन् हासत, "ओ पिंजारी, घोडीले उकडून खाता का?" म्या म्हनलं जा बे, आपलं काम करा. पन हा कडूबा. हा पुलावर उभा राह्यला, याले लाल ठिपका दिसला, अन् याच्या डोक्यात काय आलं अल्ला जाने, म्हने पिंजारी बिनकामाचा जनावराचा घाम काढनार नाही, काही तरी हाय. परत फिरला अन् आपल्या सुडीवर ताडपत्री बांधून आला.

अन् ऊन कललं तवा गारा. लिंबाएवढ्या. तुमच्याकडेही झाल्या असतीन. साऱ्या गावाचा हरभरा मातीत गेला, लोकं वावरात बसून राह्यले डोकं धरून, अन् एकट्या कडूबाची सुडी कोरडी.

तुमाले वाटन त्यानं माहे उपकार मानले. कायले मानते? तो पारावर जाऊन बसला अन् साऱ्यायले सांगितलं, "गुलबदनले समजते. झूल आली का आभाळ आलं." घोडीले समजते म्हने. ताप मले आला होता!

झालं. दुसऱ्या दिवसापासून माहं घर म्हनजे वेधशाळा. सकाळी डोळे चोळत बाहेर येतो तर मान्सं उभे. "घालता का?" "काढता का?" "निम्मी घातली तर काय समजाव?" निम्मी म्हनजे, ती मागून सरकली होती, तर कांदेवाले अर्धे कांदे झाकून अर्धे उघडे ठेवून बसले. मी म्हनतो अरे भाऊ, मी घोडीसाठी घालतो. "हाव ना," म्हनते, "आमी कुठी नाही म्हनतो, घोडीसाठीच घाला, पन घालाच्या आधी एक आवाज द्या." घोडीले थंडी वाजते का, उकडते का, हे कोनी विचारलं? कोनीच नाही.

आमच्याकडे शाळेत आल्हाद सर हायेत, ते मोठ्या शहरात शिकलेले, त्यायचा मोबाइल कधी हातातून खाली नाही. ते आले, चष्मा वर केला, अन् तुमाले सांगतो, असं बोलले, "रहेमतुल्लाजी, माझ्या मोबाइलवर आज आकाश निरभ्र दाखवत आहे, पावसाची शक्यता शून्य टक्के. तरीही आपण झूल घातलीत. यामागचा आपला निकष काय?" म्या म्हनलं सर, निकष नाही, पडसं हाय. त्यायनं ते मोबाइलात लिहून घेतलं.

अन् तो लक्ष्मीकांत. ज्या मान्सानं मले आजपर्यंत "ए पिंजाऱ्या" शिवाय हाक मारली नाही, तो आला, "रहेमतुल्लाशेठ, बरं हाय ना?" शेठ! मले वाटलं मागं कोनी उभं हाय. म्हनते, "शेठ, एक विनंती होती. तुमी झूल घातली का लोकं म्हनते पाऊस येईन, फवारा धुऊन जाईन, अन् कोनी औषध नेत नाही. दुकान भरलं हाय माहं. दोन-चार रोज काढून ठेवा ना झूल." म्या म्हनलं लक्ष्मीकांतभाऊ, तुमची अळी मरत नाही अन् माही घोडी मारता का? "नाही शेठ, तसं नाही, तिले एखादं टॉनिक देऊ आपन दुकानातून..." कपाशीचं टॉनिक घोडीले! म्या हाकलून देला. तो जाते तर दुसरे येतात, "रहेमतुल्लाभाई, काढू नका बरं, आमच्या सुड्या बांधून राह्यल्या, आता सोडाले मजूर नाही." एकाले काढून पाहिजे, एकाले घालून पाहिजे. अन् दोघंही रागावते कोनावर?

मंग पारावर ठरलं. माह्या घोडीचं, पारावर ठरलं, अन् मले बोलावलंही नाही. कडूबा निरोप घेऊन आला, "भाई, मान्सं गोंधळून राह्यले. एकदा झूल घातली का सांजपर्यंत राहू द्याची, अन् काढली का सांजपर्यंत घालाची नाही. हे घाल-काढ, घाल-काढ चालनार नाही." म्या म्हनलं कडूबा, घोडी कोनाची? म्हनते, "घोडी तुमची." झूल कोनाची? तर तो मानूस छाती काढून सांगते, "त्यात कापूस माहा हाय." ज्या कापसाचं तोंड पाह्यवत नव्हतं त्याचा आता मालक झाला! तवापासून हा रोज आपल्या ओट्यावर बसते अन् माह्या हाताकडे पाह्यते. मी पाठ खाजवाले हात उचलला तरी ओरडते, "ओ, ओ, काय करता?"

अन् घोडी बिचारी... सकाळच्या गारठ्यात झूल घालाव तर दुपारी तिच्या पोटाखालून घामाची धार. कान पडलेले. डोळे असे केविलवाने करून पाह्ये माह्याकडे, जशी विचारे, मियां, हे काय लावलं? तुमाले सांगतो, मले माह्या लेकरायसाठी कधी इतकं वाईट नाही वाटलं. एका दुपारी मले राहवलं नाही. गेला पार खड्ड्यात म्हनलं, गेलो अन् भर उन्हात झूल ओढून काढली, पोत्यानं तिचं अंग पुसलं, खरारा केला, ती अशी फुरफुरली, अशी अंग झटकून उभी राह्यली का मले हासू आलं. किती दिवसानं हासलो होतो मी. मागं वळून पाह्यलं नाही. पाहाले पाहिजे होतं.

कारन पुलावरून लाल ठिपका गायब झाला ना. झालं. ज्यानं ताडपत्री बांधली त्यानं सोडली, ज्याचा कांदा घरात त्यानं तो खळ्यात पसरला, आमच्या गल्लीतल्या सरस्वतीबाईनं तर पापड, कुरड्या, आल्हाद सराच्या बायकोनं गाद्या, फोमच्या, साऱ्या बाहेर. लक्ष्मीकांतनं दुकानातून पंप भरून देले लोकायले, फवारा, फवारा, झूल निघाली. अन् ऊन कललं तसं सातपुड्याकडून ते काळं आभाळ उठलं. गारा नव्हत्या त्या दिवशी. पाऊस होता. पन पाऊस असा का माह्या दारासमोरचा रस्ता नाला झाला.

अन् त्या पावसात सारं गाव माह्या दारात. "काऊन काढली?" "कोनाले विचारून काढली?" "लक्ष्मीकांतनं पैसे देले का?" लक्ष्मीकांत मागून ओरडते, "म्या कायले देऊ, माहा फवारा धुऊन गेला!" आल्हाद सर म्हनतात, "हा केवळ निष्काळजीपणा नाही, हा सार्वजनिक विश्वासघात आहे." सरस्वतीबाई कुरड्याचं नाव घेऊन रडते. मी म्हनतो अरे, घोडीले घाम आला होता म्हनून काढली रे बाबा, घाम! तर कडूबा काय म्हनते, "घाम येऊ द्याचा होता ना सांजपर्यंत." बरं, मी कोनाशी भांडून राह्यलो ते तरी नीट दिसाव, तर ते दिसेना, कारन पाऊस इतका होता का या मान्सायनं काय केलं मालूम हाय? भिंतीवर वाळत टाकलेली झूल उचलली अन् चारी कोपरे धरून स्वतःच्या डोक्यावर घेतली. कडूबा, लक्ष्मीकांत, आल्हाद सर, अन् मधात सरस्वतीबाई. घोडीच्या झुलीखाली कोरडे उभे राहून मले शिव्या देऊन राह्यले होते. अन् झूल जिची, ती त्यायच्या मागं, खुंट्याले बांधलेली, पावसात भिजून थरथर कापून राह्यली होती.

म्या सांगितलं, ती झूल द्या. कोनी देईना. कडूबा म्हनते, "आधी जबाब द्या." त्या दिवशी मले पहिल्यांदा वाटलं का या गावात राहू नये. खरं सांगतो. राग येते, जाते, तसा राग नव्हता तो. मले या मान्सायची किळस आली.

अन् घोडी पडली आजारी. नाक वाहते, खोकते, चंदीच्या दान्याले तोंड लावेना. जनावराचा डाक्टर आला, पोटाले कान लावला, म्हने घामेजलेल्या अंगावर वारं अन् पाऊस लागला, आता हिले ऊबेत ठेवा, झुलीखाली हात घालून पाह्यत जा, ओलं लागलं का पुसा. बस. एवढंच होतं. हात घालून पाहाचं होतं. इतक्या मान्सायनं आभाळाकडे पाह्यलं, मोबाइलात पाह्यलं, पुलावरून पाह्यलं, झुलीखाली हात घालून कोनी पाह्यलं? अन् ज्या आठवड्यात संग्रामपूरचं लग्न ठरलं होतं त्याच आठवड्यात ती उभी राह्येना. तो नवरदेव गाडीत गेला मारुतीले. गाडीत! मंग त्याचं पाहून सोनाळ्यातल्या दुसऱ्यानं गाडी ठरवली, त्याचं पाहून तिसऱ्यानं. कापसाचंही असंच करते हे लोकं, शेजाऱ्यानं फवारलं म्हनून मी फवारलं. आता या साऱ्या सिझनमधी गुलबदनसाठी कोनी आलं नाही. रिकामी घोडी कोन पोसते, महादेवराव? मी बापाची धनुकली अशीच टांगली होती खुंटीले. घोडी काही खुंटीले टांगता येत नाही. इकाची म्हनलं तर नसीमा जेवत नाही. म्हनून तुमचा फोन आला तवा... जाऊ द्या.

गाव आलं ना पाहाले. आजारपनात आलं. रोज येई. कडूबा तर दोनदा येई. "कशी हाय गुलबदन?" मले वाटलं, मान्सं हायेत शेवटी, मान्साले मानूस समजते, म्या म्हनलं, बरी हाय आता, थोडी चंदी खाल्ली सकाळी. तर कडूबा म्हनते, "बरं झालं. मंग झूल कधीपासून घालता?"

आता कालपासून ती खाऊन राह्यली. आज शेवटचा दिवस ऊबेचा. म्हनून झूल हाय अंगावर, एवढ्या उन्हात, समजलं? आभाळाचा काहीच संबंध नाही. म्या पारावर जाऊन सांगितलं, फळ्यावर लिहून लावलं, झूल औषधाची हाय. तरी तिकडे पाह्या, पुलापलीकडे, निळं काय दिसते? ताडपत्री. ओढून राह्यला तो तिकडला वावरवाला. भर उन्हात गहू झाकून राह्यला. आमचा ताडपत्रीवाला आता मले सलाम करते.

घ्या, चहा आला. साखर कमी असन तर सांगा. तर आता बोला. तुमी मघापासून तोंड उघडून राह्यले अन् म्याच बोलून राह्यलो, मालूम हाय मले, नसीमाही म्हनते तुमचं तोंड म्हनजे तुटलेली तात. बोला, तारीख कोनती? मारुतीचं देऊळ घरापासून किती लांब हाय? बाजा समोर वाजवता का मागून? मागून वाजला तर ती चमकते, ते आधीच सांगतो...

काय?

घोडी नाही पाहिजे?

म्हनजे... नवरदेव जीपमधी जाऊन राह्यला. सजवलेली जीप. बरं. ठरली का? ठरली. बरं. मंग तुमी फोनवर म्हनाले ना, घोडीचं काम होतं? मंग काय काम होतं घोडीचं? बोला ना. भावाकडे काय पाह्यता, माह्याकडे पाहून बोला. मांडव? मांडवाचं काय?

उघडा टाकाचा का वरतून ताडपत्री ओढाची.

हे विचाराले आले तुमी. जानेफळहून. आख्खा जिल्हा ओलांडून. कोनी सांगितलं तुमाले? तुमच्या साडूनं. साडू कुठले? सोनाळ्याचे. कडूबाचे पाहुने. वा.

नसीमा, हासू नको. आत जाऊन हास.

महादेवराव, इतकं आयकलं माहं, बसून, चहा पिऊन, मान डोलवून. झुलीखाली हात घालून पाह्यला का तुमी? नाही ना. आले तवा झुलीवरून हात फिरवला, ही पाहा, खाली हात घातला म्या, ओली हाय. पार घामेजली. उठा जरा, बाजूले व्हा, झूल काढतो, ते पोतं द्या इकडे... अशी. आता पुसतो. मोकळी झाली. आता काय डोळे करून राह्यली पाहा, आता बरी दिसते. तब्येत छान झाली तिची. नवरदेव काय बसला असता हिच्यावर...

कोन ओरडते? कडूबा. ओरडनारच, झूल निघाली ना. "ओ भाई, आता काय समजाव आमी?" त्याले म्हना थांब जरा. नसीमा, ती लाल झूल फेक इकडे. नाही, घोडीले नाही. माह्या अंगावर टाक. टाक म्हनतो ना, तूच म्हने ना, तुमी पांघरा म्हनून. पांघरली. ऊबदार हाय, कडूबाचा कापूस, काही झालं तरी म्या पिंजला हाय.

महादेवराव, कडूबा, दोघंही आयका. ताडपत्री ओढा. आभाळाचं मले काही मालूम नाही. मले थंडी वाजून राह्यली.